तो श्वास परत आण

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अल्बमची तू पाठवलेली अकरा गाणी काल रात्री दोनदा ऐकली. एकदा खुर्चीत बसून, हातात कागद-पेन्सिल घेऊन, आणि एकदा दिवा मालवून. सकाळी आईने विचारलं, "कसं झालंय?" मी म्हटलं, "पोरीने जीव ओतलाय." यापलीकडे तिला काही बोललो नाही, कारण जे सांगायचं आहे ते आधी तुला सांगायला हवं. "बाबा, खरं काय ते कळवा," असं तू लिहिलंयस. म्हणून खरं लिहितो.

नवव्या गाण्यात तिसऱ्या ओळीच्या आधीचा तुझा श्वास गेलाय.

तो मी पहिल्यांदा ऐकला तुझ्या मागच्या कार्यक्रमात. साठ-सत्तर माणसांची खोली, मी दाराजवळच्या टेबलाशी. दुसरी ओळ संपली, पियानोवाल्याने सूर धरून ठेवला, तू पियानोच्या कडेवरचा हात उचललास आणि श्वास घेतलास. नुसती छातीत हवा भरली असं नव्हतं ते. बोलून टाकावं की गिळून टाकावं, अशा घडीला माणूस घेतो तसा श्वास होता, मध्येच किंचित अडखळलेला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पेला ओठांपर्यंत नेला होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. मग तू तिसरी ओळ म्हटलीस, म्हणजे जवळजवळ बोललीसच. त्या ओळीत काय येणार हे त्या बाईंना श्वासातच कळलं होतं.

तू पाठवलेल्या फाइलमध्ये आता तिथे काही नाही. दुसरी ओळ संपते, पियानो घुमतो आणि तिसरी ओळ स्वच्छ सुरू होते. काम इतकं सफाईदार आहे की टाका कुठे दिसत नाही. पण ती ओळ म्हणणारी बाई कुठून आली, तिचं काय झालंय, ते कळेनासं झालंय.

चाळीस वर्षं मी प्रुफं वाचली. सुरुवातीच्या काळात एका कथेच्या प्रुफात मी एक परिच्छेद दुरुस्त केला होता. क्रियापद आधी, कर्ता शेवटी, नको तिथे स्वल्पविराम. मी नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी बसवलं. दोन दिवसांनी लेखिका स्वतः आल्या, कागद माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ही म्हातारी जिना चढत बोलतेय. तिला धाप लागलीय." मी एकेक स्वल्पविराम हंसपद करून परत घातला. त्यानंतर पेन्सिल हातात घेतली की मी आधी बघायचो, ही खिळे जुळवणाऱ्याची चूक आहे की कुणाची धाप. तुझ्या नवव्या गाण्यात कुणीतरी धाप दुरुस्त केली आहे.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. आवाजातले चढउतार कमी करताना मोठा आवाज आधी दाबतात, मग सगळंच वर उचलतात. त्याबरोबर श्वासही वर येतो, खोलीत होता त्याहून मोठा होतो. हेडफोन लावून ऐकणाऱ्याच्या कानात तो फुत्कारासारखा शिरतो. म्हणून ही मंडळी श्वास कापतात, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरच असतं. पाचव्या गाण्यातले कापलेत ते कापलेलेच राहू देत, तिथे तुझी घाई होती. पण नवव्यातला हा एक वेगळा. त्याला म्हणावं, कापू नको, खाली आण. ६ डेसिबलने खाली आणला की ध्वनीचा दाब निम्मा होतो. तेवढ्याने तो पुन्हा खोलीतला श्वास होईल. मूळ ट्रॅक त्याच्यापाशी असणारच.

आणि हेही त्याला सांग. १९२५च्या आधी गाणारा माणूस कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून गायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. कुजबुज, श्वास, शब्द ओठावरून निसटतानाचा बारीक आवाज, यातलं त्या मेणावर जवळजवळ काहीच उमटायचं नाही. मायक्रोफोन आला तेव्हा कुठे माणसाला ओरडल्याशिवाय गाणं मुद्रित करता आलं. तुझ्यासारख्या गाणाऱ्यांचा अल्बम निघू शकतो तो त्यामुळे. ज्या गोष्टीसाठी एवढी खटपट झाली, तीच पुसून टाकायची?

तू हा मार्ग धरलास तेव्हा एका नातलगाने फोन करून मला विचारलं होतं, "कॅबरे म्हणजे काय हो नेमकं?" आपल्या कानाला हा शब्द हिंदी सिनेमातून आला, त्यामुळे डोळ्यांसमोर पिसं, टिकल्या आणि नाच. मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही, "गाण्याचे कार्यक्रम वगैरे करते," असं मोघम काहीतरी बोललो. त्याची मला लाज वाटली, म्हणून मी वाचायला बसलो. पॅरिसमध्ये मोंमार्त्रला १८८१ साली रोदोल्फ सालीने 'ल शा न्वार' नावाचं कॅबरे उघडलं. कवी, चित्रकार, गाणारे, सगळे एका खोलीत. एरिक साती हा संगीतकार तिथे पियानो वाजवायचा. ऐकणारा इतका जवळ की गाणाऱ्याला खोटं बोलायची सोय नाही.

त्याच काळातली इव्हेत गिल्बेर मला फार आवडली. साधा झगा, कोपराच्या वरपर्यंत काळे हातमोजे. गाणं अर्धं गायचं, अर्धं सांगायचं. तुलूझ-लोत्रेकने १८९४ साली तिच्यावर चित्रांचा संग्रह काढला, त्याच्या मुखपृष्ठावर ती नाहीच. नुसते हातमोजे पडलेले आहेत. मी त्या मुखपृष्ठाकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो. जन्मभर पुस्तकांत राहिलो, पण इतकं थोडक्यात माणूस ओळखू येणारं मुखपृष्ठ क्वचित पाहिलं.

आणि मेबल मर्सर. १९०० साली इंग्लंडमध्ये जन्मली, पॅरिसमध्ये गायली, मग न्यूयॉर्कच्या लहान लहान खोल्यांत. खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून गायची. उतारवयात आवाज विरला, गाणं बोलण्याच्या जवळ आलं, आणि तरीही माणसं यायची. फ्रँक सिनात्रासारखा नावाजलेला गायक तिला ऐकायला जायचा, शब्द कसा टाकावा हे तिच्याकडून शिकलो म्हणायचा. हे वाचल्यावर मी त्या नातलगाला आपणहून फोन केला आणि सांगितलं, माझी मुलगी कॅबरे गाते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला टोचलं. "अल्बम निघाला की या लहान खोल्या सुटतील," असं लिहिलंयस. लहान खोली ही पायरी आहे असं तुला कुणी सांगितलं? न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात दारू मिळणाऱ्या क्लबात गायचं तर पोलिसांनी दिलेलं कार्ड लागायचं. जॅझ गायिका बिली हॉलिडेला १९४७ साली अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा झाली आणि तिचं कार्ड गेलं. १९४८च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलमध्ये ती गायली तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं. म्हणजे मोठं सभागृह तिला उघडं होतं आणि लहान खोली बंद. त्या शहरातल्या माणसाला तिच्यापासून दोन हातांवर बसून तिला ऐकायची सोयच उरली नाही. मोठ्या रंगमंचावर तू जरूर जा, मला आनंदच होईल. पण कुठेही गेलीस तरी अल्बममध्ये ती साठ माणसांची खोली राहू दे. उद्या तुझं गाणं ऐकणारा माणूस एकटा असणार, त्याच्या कानाशी तू असणार. त्याहून लहान खोली कुठली?

आता बाकीचं भराभर लिहितो.

शेवटचं गाणं बदल. तू लाँगप्ले तबकडीही काढते आहेस म्हणून सांगतो. १९४८ साली ही तबकडी आली तेव्हापासून तिचा हिशोब तोच आहे, एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं. सुई मध्याकडे सरकते तशी फेरी लहान होत जाते, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीच्या खाचेत बसवावा लागतो आणि तो फाटायला लागतो. विशेषतः 'स', 'श' असे वर्ण आणि मोठ्याने वाजणारी वाद्यं. तुझं अकरावं गाणं सगळ्यात दणदणीत आहे आणि नेमकं तेच आतल्या टोकाला येतंय. दहावं शेवटी घे, अकरावं त्याच्या आधी. दहावं गाणं तसंही दिवा मालवताना ऐकायचंच आहे.

गाण्यांच्या मधलं तुझं बोलणं अल्बममध्ये नको. खोलीत ते हवंच, तिथे तू माणसांचे चेहरे बघून बोलतेस, रोज वेगळं. पण मुद्रित केलेला किस्सा तिसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. गाणं शिळं होत नाही. का होत नाही ते मला सांगता येणार नाही, पण होत नाही खरं.

वेष्टणावरच्या मजकुराचं प्रूफ वाचलं. दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत, खुणा करून पाठवतोय. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पियानोवाल्याचं नाव मागच्या बाजूला तळाशी, मुद्रणालयाच्या नावाच्या वरच्या ओळीत गेलंय. तू श्वास घेतेस तेव्हा सूर धरून ठेवणारा तोच ना? त्याचं नाव तुझ्या नावाखाली आलं पाहिजे. दुसऱ्यांची चार गाणी घेतली आहेस, त्यांच्या परवानग्या लेखी आहेत का ते बघ. गीतकार आणि संगीतकार दोघांचीही नावं घाल. आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाकडे राहणार, हे सही करण्याआधी करारात वाच. एके ठिकाणी तिकिटांतला वाटा देतो म्हणाले होते आणि तू सहा कार्यक्रम करून रिकाम्या हाताने आलीस, तेव्हा तुझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. तू रडली नाहीस, पण रात्रभर दिवा जळत होता ते मी पाहिलंय.

चार रात्री सलग आहेत. पहिल्या तीन कार्यक्रमाच्या, चौथी प्रकाशनाची. पियानोच्या मधल्या 'सी'च्या वरचा 'ए' स्वर लावतेस तेव्हा तुझ्या स्वरतंतूंचे काठ सेकंदाला ४४० वेळा एकमेकांना भिडतात. असं रोज दीड तास. पण मी पाहिलंय, तुझा आवाज गाण्याने बसत नाही, कार्यक्रम झाल्यावर त्या गलक्यात टेबलाटेबलावर जाऊन मोठ्याने बोलण्याने बसतो. लोकांना भेट, हात हातात घे, हस, पण बोलायचं ते बाहेर, शांत जागी. गाण्याआधी घटाघटा पाणी पिऊन उपयोग नाही, ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. पाणी दिवसभर थोडं थोडं पी. वाफ मात्र थेट पोचते, ती घे. तिसऱ्या रात्री आवाज जड लागला तर वरच्या पट्टीशी झगडू नकोस, पियानोवाल्याला सांगून पट्टी खाली घे. खाली घेतलेली पट्टी कुणाला कळत नाही, ताणलेला गळा सगळ्यांना कळतो.

आई पहिल्या आणि चौथ्या रात्री येईल. पुढच्या टेबलावर बसणार आहे, तिला तुझा चेहरा बघायचा असतो. मी चारही रात्री येणार, दाराजवळचंच टेबल ठेव. शेवटचा शब्द तिथपर्यंत पोचतो का, ते मला ऐकायचंय.

नववं गाणं दुरुस्त झालं की पाठव. रात्री कितीही वाजले तरी पाठव, मी जागा आहे.

तुझा,
बाबा