आई-अण्णांना, आमच्या दहावीच्या गेट-टुगेदरनंतर

आई, अण्णा, नमस्कार.

फोनवर सांगायला बसले असते तर मला बोलताच आलं नसतं म्हणून लिहून पाठवतेय. अक्षर मोठं करून प्रिंट काढलीय, अण्णांना ऑपरेशननंतर मोबाईलवर वाचायला त्रास होतो ना. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव आणि मध्येच थांबू नकोस.

तर शनिवारी आमच्या मार्च १९९४ च्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, लातूरला. ३० वर्षं झाली दहावीला. जेवण, फोटो, सत्कार सगळं झालं ते सोडा, नंतर संध्याकाळी खुर्च्या गोल करून बसलो तेव्हा खऱ्या गप्पा सुरू झाल्या. आणि आमच्या बॅचच्या गप्पा कितीही स्नेहसंमेलनापासून सुरू केल्या तरी शेवटी तिथंच येतात, किल्लारीच्या भूकंपापाशी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आम्हाला सगळ्यांना ते जन्मतारखेसारखं पाठ आहे.

नववीत असताना हादरे बसायचे ते आठवतं का तुम्हाला, ९२ च्या ऑक्टोबरमध्ये? वर्गात बाकं थडथडायची, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, पोरं पळत बाहेर. आणि भूगोलाचे सर समजावून सांगायचे की घाबरू नका, आपलं दख्खनचं पठार म्हणजे काळा कातळ आहे, सगळ्यात स्थिर भाग, इथं मोठा भूकंप होत नसतो. सर खोटं बोलत नव्हते, तेव्हा सगळे तसंच मानत होते. पण भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत तो धडा आला ना, तेव्हा सर पुस्तक मिटून खिडकीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, हा तुम्ही घरी वाचा. त्यांच्याही घरातले गेले होते. शनिवारी हे निघालं तेव्हा कोणी काही बोललंच नाही बराच वेळ.

पत्र्याची शाळा आठवली की मला आधी तो फळा दिसतो. जुन्या शाळेच्या ढिगाऱ्यातून काढलेला, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरकी चीर पडलेला. गणिताचे सर तेवढी जागा सोडून लिहायचे, म्हणजे प्रमेयाची अर्धी ओळ चिरेच्या अलीकडे अर्धी पलीकडे, आणि आम्ही वहीत पण तसंच मध्ये जागा सोडून उतरवायचो, का ते कोणालाच माहीत नाही. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की शिकवणं बंद, मग सर नुसते बसून राहायचे आमच्यात. मदतीत जी पुस्तकं आली त्यातलं माझं इंग्रजीचं मुंबईच्या कुठल्यातरी मुलीचं होतं, तिनं पेन्सिलीनं प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ वर लिहून ठेवलेला, इतकं बारीक नीट अक्षर. त्या अर्थांवर मी इंग्रजी पास झाले. तिला कधी कळलंच नसेल.

माझ्या बाकावर शेजारी कोण बसायची ते तुम्हाला माहीत आहे, मी नाव लिहीत नाही, आईला त्रास होतो. तिची भूमितीची वही मी मंगळवारी उतरवून घ्यायला आणली होती आणि बुधवारी विसर्जन झाल्यावर अण्णा म्हणाले ज्वारीत डुकरं शिरतायत, सगळेच आखाड्यावर चला झोपायला, तेव्हा मी ती पिशवीत टाकून शेतात नेली. वही वाचली. आपण वाचलो. त्यांच्या माळवदाखाली कोणीच नाही वाचलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

वेशीजवळ घर होतं तो मुलगा, ज्याचे वडील आणि दोन्ही बहिणी गेल्या, तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तो उभा राहिला बोलायला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हिच्या अण्णांनी त्या साली आमचं साडेतीन एकर पेरून दिलं, म्हणून मी परीक्षेला बसलो." मला वाटलं याची काहीतरी चूक होतेय. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या चुलत्यानं ठरवलं होतं की पोराला शाळेतून काढून औताला लावायचं, घरात दुसरा बाप्या माणूस नाही. तर अण्णा, तुम्ही हजेरीतून दहावीच्या सगळ्यांची नावं कागदावर उतरून घेतली होती आणि सायकलवर एकेका शेडला जात होतात, पोराला मार्चपर्यंत सोडा म्हणून सांगायला. आणि त्याच्या चुलत्याला म्हणालात, चाड्यावर मूठ मी धरतो, तुम्ही पोराला शाळेत बसवा. मग अजून दोघींनी सांगितलं. एकीचं लग्न ठरत होतं, तिच्या आजोबांपाशी तुम्ही तीन दिवस जाऊन बसलात. ती आज नर्स आहे.

अण्णा, मी त्या वर्षी तुमच्याशी किती भांडले आठवतं का? आपली रब्बी सगळ्यांच्या मागून पेरली, ज्वारी धड आली नाही, आणि मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते की लोकांची बैलं मेली तरी त्यांनी पेरलं, आपली बैलजोडी वाचली तरी तुमच्या अंगात कामाचा जीव नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिफण खांद्यावर घेऊन निघून गेलात. मी इतकी वर्षं हेच धरून बसले की भूकंपानं अण्णांना खचवलं. आणि तुम्ही कुणाकुणाची शेतं पेरत होतात. मला माफ करा. हे समोर बसून म्हणायला हवं, पण आधी कागदावर म्हणते.

आई, तुला माहीत होतं ना? तेव्हा तू रोज तीन-चार भाकरी जास्त बांधायचीस, मला वाटायचं शाळेतल्या पोरांसाठी. मला एकदा तरी सांगायचंस गं.

आम्हा पोरांना वाटायचं आपला वर्ग आपोआप टिकला. खालच्या वर्गातली किती पोरं पांगली, भारतीय जैन संघटनेनं १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली त्यात आपल्या गावचीही होती, त्यांचं चांगलंच झालं. पण आमची दहावी मात्र त्याच पत्र्याखाली, त्याच फळ्यासमोर मार्चपर्यंत एकत्र बसली, आणि ती कोणीतरी दारोदार जाऊन बसवली होती.

तर तो मास्तर आणि अजून चार-पाच जण पुढच्या रविवारी तुम्हाला भेटायला नव्या गावात येतायत, मी पण शनिवारीच येते. अण्णा, काही कशाला म्हणू नका, त्यांना येऊ द्या. त्या चारशे फुटांच्या घरात सगळे मावत नाहीत म्हणून आई तू काळजी करू नकोस, अंगणात चटया टाकू. आणि पेटीतली ती भूमितीची वही काढून ठेव. सगळ्यांना बघायचीय.

तुमची लेक