तारीख सांगा, साहेब

मा. उद्योगमंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु
यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात याल. बेळगावातच खानापूर रोडवरच्या उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम करणारा कारखाना आहे. 38 माणसं आहेत. पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येईल. कानडी प्रत टपालाने आपल्या कार्यालयात धाडली आहे.

अनुदान मागत नाही. मागणं वेगळं आहे, पण त्याआधी माझी एक चूक सांगायला हवी.

मार्च 2020 मध्ये भट्टी थंड झाली. टाळेबंदी 14 एप्रिलपर्यंत असं जाहीर झालं होतं, म्हणून मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, "15 तारखेला कामावर या." त्या भरवशावर एकाने उसने पैसे काढले, एकाने गावाकडून बायकोमुलांना परत आणायची तयारी केली. 14 तारखेच्या सकाळी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढली. संध्याकाळी आमच्या फेटलिंगवाल्या (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या) मामांचा फोन आला. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "मालक, म्हाईत नसंल तर तसं सांगा की. पर खोटी तारीख नको."

त्या दिवसापासून मी तारीख द्यायची सोडली. त्याऐवजी वार दिला. दर शनिवारी सकाळी 11 वाजता मी सगळ्यांना फोन करीन, सांगण्यासारखं काही नसलं तरी करीन, असं ठरवलं. पहिल्याच शनिवारी खात्यात किती शिल्लक आहे, गिऱ्हाइकांकडून किती येणं आहे आणि बँकेला किती द्यायचंय, हे जसंच्या तसं सांगितलं. माझा धाकटा भाऊ नको म्हणत होता. धंद्याचं पोट असं उघडं करू नये, असं त्याचं मत. पण मला वाटतं, घाबरलेल्या माणसाला गोड बातमीपेक्षा आकडा बरा वाटतो. मार्चचा पगार पूर्ण दिला. एप्रिलचा अर्धा दिला, उरलेला अर्धा दिवाळीला दिला. आम्ही दोघा भावांनी चार महिने काही उचललं नाही. पूर्ण पगार द्या, हा केंद्राचा 29 मार्चचा आदेश मला माहीत होता. तो पाळायला खात्यात पैसा नव्हता, आणि 17 मेला तो आदेशच मागे घेतला गेला. लघुउद्योग पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं लघुउद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. त्या दिवसांत गिऱ्हाईक फोनसुद्धा उचलत नव्हतं.

भट्टी पुन्हा पेटवली तेव्हा अस्तर नव्याने घालावं लागलं, पण 38 पैकी 36 जण परत आले होते. गेलेल्या दोघांतला एक आज सीमेपलीकडच्या शिनोळीत स्वतःचं मशीन शॉप चालवतो, त्याचं मला कौतुकच आहे.

आता सरकारविषयी. 6 मे 2020 ला राज्याने 1,610 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात लघुउद्योगांच्या वीजबिलातला दोन महिन्यांचा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम, माफ झाला. मदत झाली, आभारही मानतो. पण भट्टी बंद असताना मीटरचा हा आकार चालू राहणार की नाही, याचं उत्तर आम्हाला सहा आठवड्यांनी मिळालं. हेच मार्चअखेर कळलं असतं तर एप्रिलच्या पगाराचं गणित मी वेगळं मांडलं असतं. तेवढाच पैसा आधी कळला असता तर दुपटीने कामी आला असता.

आणि सीमा. वेंगुर्ला रोडवर बाची आपली, शिनोळी महाराष्ट्राची. मध्ये हाकेचं अंतर. माझा पॅटर्नमेकर (साच्याचे नमुने करणारा) तिकडच्या चंदगड तालुक्यातला. 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. रोज घरी जाऊन रोज कामावर येणाऱ्या माणसाने किती वेळा नाकात काडी घालून घ्यायची, हे नाक्यावरच्या पोलिसालाही सांगता येत नव्हतं. शेवटी तो तीन आठवडे कारखान्याच्या स्टोअरमध्ये झोपला. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगाव जिल्ह्यात हिरेबागेवाडीजवळ एमएच नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात केए नंबरच्या बसना काळं फासलं गेलं. वाद कुणाचा खरा, हे इथे लिहीत नाही; माझं मत आहे, पण त्यासाठी वेगळं पत्र लागेल. माझी कास्टिंग्ज (ओतलेले भाग) कोल्हापूरला मशीनिंगला जातात. ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी द्यायला नकार दिला आणि तयार माल शेडमध्ये पडून राहिला. त्या शनिवारी माणसांनी विचारलं, गाडी कधी निघणार? मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आणि जिल्ह्यात कुणाला विचारायचं हेही माहीत नव्हतं.

म्हणून मागणं असं. रोज सीमा ओलांडणाऱ्या कामगारांसाठी बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शांततेच्या काळातच बसून एक कायमचा पास ठरवावा. संकट आल्यावर ही चर्चा होत नाही. सरकार जेव्हा आम्हाला बंद करायला लावेल तेव्हा त्याच आदेशात स्थिर आकाराचं काय, हे एका ओळीत लिहावं. नाका बंद करण्याआधी 48 तास मिळावेत. ते शक्य नसेल तर पुढचा निर्णय कोणत्या दिवशी होणार, एवढं तरी कानडीत आणि मराठीत कळावं. निर्णय आमच्या बाजूने नसला तरी चालेल. दिवस कळला की मी माणसं धरून ठेवतो, ते माझं काम.

शनिवारची बैठक अजून चालू आहे, आता फोनवर नाही, मोल्डिंग शेडमध्ये, 11 वाजता. अधिवेशनाच्या सुट्टीच्या दिवशी वेळ काढलात तर मामा आपल्याला स्वतः प्रश्न विचारतील.

कळावे,
आपला,
उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला