शिवणीची आतली बाजू शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

धान्य, भाजी आणि पोळ्यांसाठी घरी शिवलेल्या माझ्या अकरा पिशव्या सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरही कुठे उसवलेल्या नाहीत. हे ज्यांच्यामुळे घडले त्यांचे आभार चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी सहा पिशव्या शिवल्या होत्या आणि त्या साऱ्या वाया गेल्या होत्या. कोरे मांजरपाट न धुताच कापल्यामुळे पहिल्याच धुण्यात त्या आटल्या, आतल्या मोकळ्या कडांचे दोरे तूरडाळीत निघू लागले, आणि कणकेच्या पिशवीत कोपऱ्यांतल्या दोऱ्यांत पीठ अडकून त्याला जाळे धरले. शेवटी कंटाळून मी बाजारातून नॉन-वोव्हन पिशव्या कापडी समजून आणल्या. त्यांतल्या एकीचा धागा ओढून काढायला आपण मला सांगितले. उभा नाही की आडवा नाही, एकही धागा निघेना, कारण ते विणलेले कापड नव्हतेच. पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचेच तंतू एकमेकांना चिकटवून ते केलेले होते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाल्यापासून माझ्या घरात प्लास्टिकची पिशवी येत नाही, असे मी मानत आले होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आणि आपण काही न बोलता मशीनवरचे झाकण काढले.

गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेले कापड आपण प्रथम रात्रभर पाण्यात भिजवायला लावले, खळ निघेपर्यंत धुवायला लावले आणि वाळल्यावर उजेडासमोर धरून वीण पाहायला शिकवले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आपले वडील मागावर होते आणि कापड असेच पाहावे हे त्यांनी आपल्याला शिकवले, ही गोष्ट आपण तेव्हा सांगितली होती. डाळीला घट्ट विणीचे, पालेभाजीला विरळ मलमल, हा फरक मला त्याआधी कोणीच सांगितला नव्हता.

मात्र सर्वांत मोठे ऋण त्या फ्रेंच शिवणीचे आहे. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर पहिली टीप घालायची, उरलेली कड निम्मी छाटायची, पिशवी उलटून पहिली शिवण नखाने दाबून बसवायची आणि मग आतल्या बाजूने पुन्हा पाव इंचाची टीप मारायची, म्हणजे कापलेली कड दोन टिपांमध्ये कायमची बंद होते. माझी छाटणी रुंद राहिल्यामुळे दोरे दुसऱ्या टिपेतून बाहेर डोकावत होते. आपण तीच पिशवी माझ्याकडून तीनदा उसवून घेतली आणि तिन्ही वेळा शेजारी बसून राहिलात. उन्हाळ्याची भर दुपार होती, कूलरच्या वाऱ्याने कापड उडू नये म्हणून आपण तो बंद केला होता. हे मी विसरणार नाही.

नेफ्यातून दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवण्याची आपली रीतही किती सोयीची आहे, दोन्हीकडून ओढले की तोंड पूर्ण मिटते. प्रत्येक पिशवीचे रिकामे वजन मी आता रंगीत दोऱ्याने तिच्या काठावर काढते. गोकुळपेठेच्या बाजारातले आमचे भाजीवाले दादा ‘३५ ग्रॅम’ वाचून तेवढे वजन आपणहून वजा करतात. पावसाळ्यात पिशव्यांना कुबट वास येऊ नये म्हणून त्या उलट्या करून पंख्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय मी त्यांत काहीही भरत नाही.

सांभारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, हवी तशी विरळ मलमल मात्र मला अजून मिळालेली नाही. आपण पुण्याहून परतलात की गांधीबागेत सोबत जाऊ. तोवर त्या पिशवीची नाडी वळून ठेवली आहे.

आपली नम्र,
वरच्या मजल्यावरची शेजारीण