पाकटावरची जळू

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, जळू नवी आहे हे ठरवतात कसं? घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

इथे मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याला एक मासा मिळतो. आपल्या पाकटासारखाच चपटा, पण अंगात वीज असलेला. माझ्या जळवा त्याच्यावरच्या. आजीच्या पायाला वैद्य लावायचे ती जळू वेगळी. तिला तीन जबडे असतात, ती कातडी कापते. हिला जबडेच नाहीत; बारीक सोंड आत खुपसून रक्त ओढते. आणि आई, दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, एकाला एक लागून. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तू देवघराच्या पडद्याला लावलेली चुण्यांची झालरच आठवली.

सुरुवातीच्या चार जळवा मी घाईने थेट कडक अल्कोहोलमध्ये टाकल्या. आक्रसून गोळा झाल्या, मोजायला काही उरलं नाही. फार वाईट वाटलं. आता पाण्यात थेंब थेंब अल्कोहोल घालून आधी गुंगी आणते, तेव्हा कुठे त्या सरळ पसरतात.

बाबा, सुश्रुतांनी जळवांचे बारा प्रकार सांगितले ते रंग आणि अंगावरच्या खुणा पाहूनच ना? पहिलं काम अजून तेच. कल्ल्यांच्या जोड्या मोजायच्या, चिकटून बसायचा पुढचा-मागचा चूषक मापायचा, डोळे शोधायचे, चिरून आतले अवयव बघायचे. मग डीएनए. हे सगळं आधीच्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायचं. ब्रँकेलिऑन ही अशा कल्लेवाल्या जळवांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ सावीन्यी यांनी 1822 साली नोंदवली. तिच्यातली स्पिंडोलाओरम ही जाती 2019 साली, याच देशातल्या ओआहाका किनाऱ्यावरच्या वीजमाशावरून. माझी जळू तीच निघाली, तर नवी नाही. वेगळी ठरली, तर एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तरी तो काढून बघता येईल. ठरवणारा माणूस कुणी एक नसतो, बाबा. बाटलीतली ती जळू असते.

एक काम कराल? बाजारात पाकट आलं की उलटं करून कल्ल्यांच्या फटींपाशी बघा. जळू दिसली तर ओरबाडू नका, चूषक तुटतो. आधी फोटो काढा, सोबत अख्ख्या पाकटाचाही. आई, तू बरोबर जा; बाबांना चष्म्याशिवाय ती दिसायची नाही.

तुमची,
ताई