बूटस्ट्रॅप की पदरमोड?

महोदय,

उद्योगजगताच्या बातम्यांत हल्ली ‘बूटस्ट्रॅप्ड कंपनी’ हा शब्द वरचेवर वाचायला मिळतो. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता स्वतःच्या बळावर उभी राहिलेली कंपनी, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे हा शब्द कौतुकाने वापरलेला दिसला की राहवत नाही.

बूटस्ट्रॅप म्हणजे उंच बुटाच्या वरच्या काठाला शिवलेली पट्टी. तिच्यात बोटं अडकवून बूट पायात ओढून घ्यायचा, एवढंच तिचं काम. आता त्याच पट्ट्या धरून स्वतःला उचलून पाहा. हात पट्टीला जितक्या जोराने वर ओढतात, तितक्याच जोराने पट्टी हातांना खाली ओढते. एखादे वेळी शिवण उसवेल, पण माणूस जमिनीवरून तसूभरही वर जाणार नाही.

बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं, हा इंग्रजी वाक्प्रचार मुळात थट्टेचाच होता. १८३४ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका गृहस्थाने, आपोआप कायम चालत राहणारं यंत्र आपल्याला साधल्याचा दावा केला. तेव्हा, हे आता बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलंड नदीपलीकडे नेतील, असं वर्तमानपत्राने लिहिलं. विसाव्या शतकात मात्र अर्थ पालटला. अशक्य गोष्टीचा दाखला कर्तबगारीचं वर्णन झाला आणि पुढे उपदेशही. ज्याच्या हाती काहीच नाही, त्यालाच ‘तुझा तू वर ये’ असं या शब्दांत सांगितलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

संगणक ‘बूट’ होतो, तो शब्दही यातूनच आला. सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम त्याहून मोठ्याला स्मृतीत आणतो आणि मग मोठा पुढचं सगळं सांभाळतो. संगणक जणू स्वतःच स्वतःला उठवतो. पण त्या पहिल्या सूचना यंत्र बनवतानाच कुणीतरी चिपमध्ये घालून ठेवलेल्या असतात. त्या नसतील तर पडदा काळाच राहतो.

आपल्याकडे ‘पदरमोड’ हा नेमका शब्द आहे. पदरमोड करून कंपनी उभी केली म्हटलं, की पदरी काहीतरी होतं हेही त्यात आलंच. बातमीत तो वापरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक