त्या रात्रीच्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डिस्चार्जच्या दिवशी तुमची ड्युटी नव्हती, म्हणून इथे लिहितेय, आणि लिहिताना अजून डोळे भरून येतायत.

माझा धाकटा भाऊ, वय १९. दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, सारखी तहान, आणि पडल्यापडल्या असा धापा टाकत होता जसा आत्ताच चार जिने पळत चढून आलाय. आधी जिथे नेलं तिथल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९९ आलं, छाती क्लिअर, म्हणाले घाबरलाय, पॅनिक अटॅक आहे, घरी न्या. पोराकडे धड बघितलंसुद्धा नाही हो! आणि मी रात्रभर त्याला सांगत बसले की हळू श्वास घे रे, हळू घे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुम्ही नाडी बघायला त्याचं मनगट धरलंत आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडला नाहीत. मला वाटलं धीर देताय. पण तुमची नजर त्याच्या छातीवर होती, चादर जराशी खाली सरकवलेली, मागून कुणीतरी दोनदा हाक मारली तरी तुम्ही हलला नाहीत. पूर्ण एक मिनिट. मग हळूच म्हणालात, "३४." वाकून त्याच्या तोंडाजवळ वास घेतलात आणि विचारलंत, शुगर कधी तपासलीये का याची?

तो गोडसर वास आम्हाला दोन दिवस येत होता, आम्ही समजलो उलटीचा असेल.

नंतर तुम्हीच सांगितलंत की मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात, आणि कोणी मोजतंय हे कळलं की पेशंटचा श्वास नकळत बदलतो, म्हणून हात नाडीवरच ठेवायचा. फुफ्फुसं ठीक होती म्हणून ऑक्सिजन ९९ होता, पण इन्शुलिनच नसल्याने रक्तात ॲसिड वाढलेलं आणि शरीर खोल श्वासांनी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते कसंबसं सांभाळत होतं. म्हणजे मी जो श्वास हळू कर म्हणत होते त्याच्यावरच तो तगून होता. अशा खोल, जोराच्या श्वासांना कुसमॉल ब्रीदिंग म्हणतात, हे नावही तुमच्याकडूनच कळलं. कुसमॉल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ते १८७४ साली लिहून ठेवलंय, तेव्हा कुठे होतं बोटाला लावायचं मशीन, पेशंटजवळ थांबून बघितलं म्हणूनच दिसलं ना त्यांना.

एवढ्या गर्दीत, रात्रपाळीत, अनोळखी पोरासाठी एक अख्खं मिनिट थांबणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

आता तो रोज स्वतःचं इन्शुलिन घेतो, बरा आहे. त्या रात्रीचं त्याला फारसं काही आठवत नाही, फक्त कुणीतरी हात धरून होतं म्हणतो, आणि मलाच विचारतो, ताई, तू होतीस का ती? तुम्ही होतात, सिस्टर. थँक्यू.