रविवारची बैठक: मनमोहन सिंगांच्या तारखा तपासून आणा
सभासदांनो, रविवारी दादरला डॉ. मनमोहन सिंग यांच्यावरचं टिपण एका पानात आणा. मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद (१९८२-८५) एका ओळीत उरका. खरी गोची १९९१ मध्ये आहे. २१ जूनला ते अर्थमंत्री झाले, २४ जुलैला अर्थसंकल्प मांडला, आणि तोवर ते खासदार नव्हतेच! राज्यघटनेच्या कलम ७५(५) नुसार मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेचं सदस्यत्व मिळवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये ते आसाममधून राज्यसभेवर आले. टिपणांत नेमका हाच क्रम उलटा पडतो. १९९८-२००४ विरोधी पक्षनेते, २००४-१४ सभागृह नेते, दोन्ही राज्यसभेतच. १९९९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभा लढवली, पण हरले. झेरॉक्सच्या बारा प्रती आणाव्यात.